गप्प बसायची विद्या

शेवगावला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, बी-बियाणांच्या दुकानावरच्या माडीवर कुटुंब सल्ला केंद्र होतं. नवरा-बायकोचं बिनसलं, सासू-सुनेचं फाटलं, पोलिसांनी तक्रार घेण्याआधी 'एकदा बोलून बघा' म्हटलं, की माणसं तो अरुंद जिना चढून वर यायची. वर सत्यशीला पालवे बसलेली असायची. तालुक्यात तिच्याबद्दल एक बोलणं रूढ झालं होतं. पालवे मॅडमपुढं खोटं बोलायचं असेल, तर पाय घरी ठेवून जावं.

त्यात तथ्य होतं. सत्यशीलेनं टेबल कधीच मधे ठेवलं नाही. समोरासमोर तीन खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचा माठ. आलेल्या माणसाला ती स्वतःच्या हातानं पाणी द्यायची आणि तो पेला कसा घेतो ते बघायची. तोंड माणसाच्या ताब्यात असतं, हात अर्धेमुर्धे असतात, पाय मात्र कुणाचंच ऐकत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा 'माझं काहीच म्हणणं नाही' म्हणत असायचा आणि त्याच्या चपलेची टाच जमीन उकरत असायची. बाई 'सगळं ठीक आहे' म्हणायची आणि तिचे दोन्ही पाय दाराकडं वळलेले असायचे.

पण नुसतं बघण्यानं कुणी समुपदेशक होत नाही. तिची खरी करामत होती ती स्वतःच्या अंगावर ठेवलेल्या लगामात. ती घड्याळाकडं बघायची नाही. समोरची बाई बोलताना थांबली, तर हिनं घाईनं पुढचा प्रश्न कधी टाकला नाही. थांबलेल्या माणसापाशी नुसती बसून राहायची. रडणाऱ्या बाईपुढं ती लगेच रुमालसुद्धा धरायची नाही. ती म्हणायची, "रुमाल दिला की बाईला वाटतं, आता पुरे झालं असं सांगतायत. रडू द्यावं. रुमाल तिच्या हाताला लागेल असा ठेवावा, बस." तिच्या खोलीतून माणसं उठायची तेव्हा पुष्कळदा त्यांना उमजायचं, की मॅडम काही फार बोलल्याच नाहीत, बोललो ते आपणच.

हे कसब तिला पाथर्डीकडच्या आपल्या गावात अंगी लागलं होतं. आईबाप दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याच्या वाटेला लागायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. तेवढे महिने पोर मावशीकडं. मनकर्णा मावशीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. ती पोरीचं बोलणं हातानं ऐकायची. संध्याकाळी चुलीपुढं बसल्यावर ती सत्यशीलेच्या गळ्यावर दोन बोटं ठेवायची आणि डोळे मिटायची. पोर काय बोलते ते तिला कळत नसे, पण पोर कशी आहे ते बोटांना कळे. शाळेत मार खाऊन आलेल्या दिवशी सत्यशीलेनं कितीही हसून 'काही नाही' म्हटलं, तरी मावशी बोटं काढून घ्यायची आणि तिला मांडीवर ओढायची. पुढं सत्यशीला नगरला समाजकार्य शिकली, तिथं जाड पुस्तकांतून देहबोलीचे धडे होते. ते तिनं मन लावून वाचले. पण तिला वाचता येत होतं ते त्याच्या पुष्कळ आधीपासून.

केंद्राचा व्याप वाढला तसा संस्थेनं तिच्या हाताखाली कल्याण ठोंबरेला दिला. नेवाशाकडचा पोरगा, तिच्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान, हुशार, आणि बोलायला एवढा की समोरच्याला श्वास घ्यायला जागा ठेवायचा नाही. पहिल्याच आठवड्यात त्यानं एका म्हाताऱ्या जोडप्याला संसारावर भाषण दिलं. ती दोघं गेल्यावर सत्यशीला त्याला म्हणाली, "कल्याण, त्या आजींनी पदर तोंडाला कधी लावला?"

"लावला होता का?"

"तू बोलत होतास ना, म्हणून तुला दिसला नाही."

तो ओशाळला, पण चिवट निघाला. ती त्याला मागच्या खुर्चीवर बसवायची, काही लिहून घ्यायचं नाही, फक्त बघायचं. नंतर दोघं चहा घेत बोलायचे. त्या बाईनं बांगड्या कोणत्या शब्दाला मागं सारल्या? त्या माणसानं मान हलवली ती ऐकून हलवली की गप्प करायला हलवली? कल्याण शिकला. गप्प बसायला शिकला, हात उघडे ठेवायला शिकला, बोलणाऱ्याकडं किती झुकायचं आणि कधी मागं व्हायचं ते शिकला. तिला वाटलं होतं त्याहून लवकर शिकला. सत्यशीलेला मूलबाळ नव्हतं. तिचा नवरा सूर्यभान एसटीच्या डेपोत मेकॅनिक. तो कल्याणला 'मेव्हणे' म्हणायचा, कारण राखीला कल्याण हक्कानं यायचा आणि जेवूनच जायचा. एकदा पाथर्डीहून परत येताना एसटीत शेजारी बसून सत्यशीलेनं त्याला मनकर्णा मावशीची गोष्ट सांगितली. गळ्यावरच्या बोटांची. ती गोष्ट तिनं सूर्यभानशिवाय कुणाला सांगितली नव्हती. कल्याण बराच वेळ काही बोलला नाही. तिला बरं वाटलं. तिला वाटलं, पोराला कळलं.

मग सविताचं प्रकरण आलं.

सविता तिशीच्या आतबाहेरची, भावाबरोबर आली होती. गळ्याभोवती पदर आवळून घेतलेला. नवरा मच्छिंद्र, वीस-पंचवीस गाई, दुधाचा टेम्पो, गावात वजन. आणि तो आबासाहेबांचा सख्खा भाचा. आबासाहेब म्हणजे केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. सत्यशीलेला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "असेल. खोलीत आला की तो सविताचा नवरा."

पहिल्या बैठकीला मच्छिंद्र पाय फाकवून बसला, बोटं मोडत राहिला, बायकोचं एक वाक्य त्यानं पुरं होऊ दिलं नाही. "मला त्यांचं भ्या वाटतं," असं सविता म्हणाली, तेव्हा तो दाराकडं बघून हसला. ते हसू सत्यशीलेच्या नजरेतून सुटलं नाही. दोघं गेल्यावर ती कल्याणला म्हणाली, "ह्या माणसाकडं पोरीला परत पाठवायचं नाही. तिला वकील गाठून देऊ."

"बरोबर आहे, ताई," कल्याण म्हणाला.

दुसऱ्या बैठकीला मच्छिंद्र जरा शांत वाटला. तिसऱ्या वेळी तर माणूस बदलल्यासारखाच आला. खुर्चीत मागं रेलला नाही. तळवे मांडीवर उघडे. सत्यशीलेनं काही विचारलं की तो लगेच उत्तर देत नसे. खाली बघायचा, थांबायचा, मग बोलायचा. सविता बोलताना तो तिच्याकडं वळून बसायचा, मधे तोंड घालायचा नाही. शेवटच्या बैठकीत तो म्हणाला, "माझा बाप असाच हुता, मॅडम. मला दुसरं कायी ठावंच न्हवतं." आणि त्याचा आवाज फाटला. त्यानं डोळे पुसले नाहीत. पाणी गालावर तसंच राहू दिलं. पाय जमिनीवर टेकलेले, स्थिर.

सत्यशीला त्या पायांकडं बघत राहिली. माणूस बदलतो, ह्या एका विश्वासावर तिनं आयुष्य काढलं होतं. तो विश्वास नसता तर ती माडी चढायचं कारणच उरलं नसतं. आणि इथं तो डोळ्यांपुढं खरा होत होता. तिनं सविताला विचारलं, "काय वाटतं तुला?"

सविता म्हणाली, "तुमी म्हनता तर जाते."

केंद्राचा अभिप्राय समेटाचा गेला. सविता पोळ्याच्या सुमारास नांदायला गेली. त्या संध्याकाळी सत्यशीलेनं घरी शिरा केला. सूर्यभाननं विचारलं, "आज काय विशेष?" ती म्हणाली, "एक दगड पाझरला."

संक्रांत होऊन गेली आणि सविताच्या भावाचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, ताई सरकारी दवाखान्यात हाय. तुमाला कळवावं म्हनून केला फोन." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

सविता खाटेवर पडली होती. डावा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये. मच्छिंद्रनं गोठ्याच्या पायरीवरून ढकलली होती. ओठ सुजलेला. सत्यशीला शेजारी स्टुलावर बसली आणि नेहमीसारखी गप्प राहिली, पण सवितानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"सविता, मला कळलं नाही गं," सत्यशीला म्हणाली. "मला वाटलं तो खरंच..."

"मला बी तसंच वाटलं हुतं, मॅडम." सविता भिंतीकडं बघतच बोलली. "तुमी त्याला शिकवताय असं वाटलं हुतं."

"मी? काय शिकवत होते?"

"बसायचं. बोलायचं. त्यो आमच्या कपाटाच्या आरशापुढं खुर्ची टाकून बसायचा म्हनं. हात असे मांडीवर ठिवून. पयल्या बैठकीनंतर दर येळी आधी कल्यानसर यायचे आबासाहेबमामांच्या वाड्यावर, तिथं त्याला बोलवून घ्यायचे. मला माहेरी फोन करून त्यो म्हनायचा, बघ, तुझ्यासाठी क्लास लावलाय. नांदायला गेल्यावर त्यानं मलाच आरशापुढं करून दाखवलं. 'आधी खाली बघायचं. मनात धापर्यंत मोजायचं. मग बोलायचं. डोळं पुसायचं न्हाईत, पुसलं की नाटक वाटतं.' मला वाटलं, ही तुमच्या सेंटरची रीतच आसंल. दवापान्यासारखी."

वॉर्डात कुणाचं तरी लेकरू रडत होतं. डोळे न पुसण्याची गोष्ट तिनं एकाच माणसाला सांगितली होती. खरं रडू आलेल्या माणसाला गालावरच्या पाण्याची शुद्ध नसते, हे चहा पिता पिता.

सविता आता वळली. सरळ तिच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "पर मॅडम, त्या दिवशी मी बी तिथंच बसले हुते. माझ्याकडं बघितलं आसतं तर माझं भ्या तुमाला दिसलं आसतं. तुमी सगळा वेळ त्याच्याकडंच बघत हुता."

सत्यशीला स्टुलावरून उठली.

दवाखान्यातून ती पायीच केंद्रावर आली. बाजारचा दिवस होता, रस्त्यात ओळखीच्यांनी नमस्कार घातले, ते तिला दिसले नाहीत. कल्याण एकटाच होता. तिला बघताच तो उठला, पाणी आणलं, आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"मच्छिंद्रला तू शिकवलंस?"

कल्याण लगेच बोलला नाही. त्यानं खाली बघितलं. तळवे मांडीवर उघडे ठेवले. थोडा पुढं झुकला, आणि थांबला. आवाज एक पट्टी खाली आणून म्हणाला, "ताई, तुम्हाला खूप त्रास झालाय. मला दिसतंय."

सत्यशीलेनं पाण्याचा पेला बाजूला ठेवला. ते थांबणं तिचं होतं. ते झुकणं, तो आवाज, ते 'मला दिसतंय', सगळं तिचं होतं. पंधरा वर्षं भ्यालेल्या बायकांपुढं तिनं जे धरलं होतं, ते आता तिच्यावरच चालवलं जात होतं, आणि इतकं बिनचूक, की क्षणभर तिला खरंच रडू फुटेल असं वाटलं.

"माझ्याशी असा बसू नको," ती म्हणाली. "सरळ बोल."

तेव्हा तो मागं रेलला. चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं. "आबासाहेबांनी बोलावलं होतं. म्हणाले, भाच्याला जरा माणसात बसायचं वळण लावा. मी त्याला नीट बसायला शिकवलं, ताई. खोटं बोलायला नाही शिकवलं."

"त्या पोरीचा हात मोडला, कल्याण."

"तो मी मोडला का?" आणि मग, जरा थांबून, "अभिप्राय तर तुम्हीच दिला ना. सही तुमची आहे."

हे वाक्य त्यानं आधीच तयार करून ठेवलं होतं, हे तिला कळलं. एवढे दिवस तो सकाळी 'ताई, चहा घेऊ?' म्हणत होता तेव्हाही ते त्याच्याजवळ तयारच असणार. तिनं त्याला विचारलं, "का केलंस?"

"नगरला संस्थेचं मोठं केंद्र निघतंय. कुणीतरी लागणारच होतं. तुम्हाला शेवगाव सोडायचं नाही, तुम्ही सूर्यभानभाऊंना किती वेळा म्हणालात माझ्यासमोर. मग मी काय, जन्मभर मागच्या खुर्चीवर बसू?"

तिला वाटत आलं होतं की ती मागची खुर्ची म्हणजे आपण त्याला दिलेला मान आहे. त्याला ती बोचत होती. एवढी बोचत होती, आणि तिला ते कधी दिसलं नव्हतं. बाहेरच्या माणसाचे पाय वाचताना घरच्या माणसाकडं बघायची गरजच तिला वाटली नव्हती.

तिनं संस्थेकडं तक्रार केली. सूर्यभान म्हणाला, "आबासाहेबांच्याच दारात आबासाहेबांची फिर्याद? कशाला जीव कष्टी करतेस?" पण ती गेली. बैठकीला सहा-सात जण होते. आबासाहेब मधोमध, पांढरंशुभ्र धोतर, हातात चष्मा. सगळं विनयानं चाललं होतं. "पालवे मॅडम आमच्या संस्थेचं भूषण आहेत," असं म्हणूनच त्यांनी सुरुवात केली.

सत्यशीलेनं बोलायला तोंड उघडलं आणि तिचा आवाज थरथरला. रोज दुसऱ्याच्या संतापाला जागा करून देणाऱ्या बाईला स्वतःच्या संतापाचं काय करावं ते ठाऊक नव्हतं. तिनं हात पदरात लपवले, मग टेबलावर ठेवले, मग पुन्हा लपवले. वाक्यं अर्धी तुटत होती. सविताचा तो आरसा, ती खुर्ची सांगताना तिला हुंदका आला आणि तिनं तो दाबला, त्यामुळं चेहरा वेडावाकडा झाला. तिला स्वतःला बाहेरून बघता येत होतं, हीच मोठी शिक्षा होती. समोरच्या खुर्चीत अशी बाई बसली असती, तर आपण तिला काय समजलो असतो?

मग कल्याणला विचारलं. तो शांत होता. सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत, कुणाला न दुखावता बोलला. "ताई माझ्या गुरू आहेत. त्यांच्याबद्दल मी वावगं बोलणार नाही. सविताताईंचं प्रकरण त्यांनी फार मनाला लावून घेतलंय. आपल्या कामात हे होतं. मला त्यांची काळजी वाटते." आणि तो थांबला. बरोबर तेवढाच थांबला.

खोलीतल्या माना हलल्या. सत्यशीलेनं त्या माना बघितल्या आणि निकाल तोंडी यायच्या आधीच तिला कळला. सविताला बोलवावं, तिचं ऐकावं, असं ती पुनःपुन्हा म्हणत राहिली. "बोलवू, बोलवू," आबासाहेब म्हणाले. "आधी तुम्ही जरा विश्रांती घ्या, मॅडम. खूप वर्षं ओढलंत."

सविताला कुणी बोलावलं नाही. विश्रांतीचा महिना संपला तेव्हा माडीवर तिच्या खुर्चीत नवी बाई होती आणि कल्याण नगरच्या केंद्राचा प्रमुख झाला होता. सत्यशीलेनं राजीनामा दिला. कुणी 'का' असं विचारलं नाही.

उन्हाळ्यात धनश्रीनं तिला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. धनश्री केंद्रात कारकून होती, भली पोर. खाली लिहिलं होतं, 'मॅडम, हे तुम्ही बघायला पाहिजे.' संगमनेरच्या एका कॉलेजात कल्याणचं व्याख्यान झालं होतं, न बोललेलं कसं ऐकावं ह्या विषयावर. सभागृह भरलेलं, कल्याण कोटात, फार छान बोलत होता. पोरं खिळून ऐकत होती. मधेच तो थांबला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "मला हे कुणी शिकवलं सांगू? माझी एक मावशी होती. तिला बोलता येत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. ती माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवायची..."

सत्यशीलेनं मोबाईल उपडा घातला. केंद्र गेलं तेव्हा ती रडली नव्हती. मान गेला तेव्हाही नाही. आता मात्र ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की सूर्यभान अंघोळ अर्धी टाकून आला. "काय झालं?" तो विचारत राहिला. ती एवढंच म्हणाली, "त्यानं मावशी नेली." सूर्यभानला काही उमगलं नाही. त्यानं ओल्या हातानंच तिला धरून ठेवलं.

पुष्कळ दिवस ती कुणाकडं नीट बघायचीच नाही. दुकानदार, शेजारीण, बसमधला कंडक्टर, कुणी गोड बोललं की तिला वाटायचं, हे कुणी शिकवलं असेल? माणसाच्या अंगावरचं वाचायची तिला सवय होती, आता ते सगळं अक्षर तिला संशयास्पद वाटायला लागलं. सूर्यभान हसला तरी ती निरखून बघायची. एके दिवशी तो वैतागून म्हणाला, "अगं, मी खरंच हसलोय!" तेव्हा ती वरमली.

तिला त्यातून बाहेर काढलं ते सवितानं, आणि तेही काही मायेनं नव्हे. सविता भावाबरोबर दारात आली. प्लास्टर निघालं होतं, हात अजून सरळ होत नव्हता. ती बसली नाही. "मॅडम, मी कोर्टात जातेय. त्यांचा वकील म्हनतो, सेंटरच्या मॅडमनीच तो सुधरला म्हनून सांगितलंय. तुमी येऊन सांगाल का, तुमी फसला म्हनून?"

जिचा तालुक्यात एकच लौकिक होता, की हिला कुणी फसवू शकत नाही, तिला भर कोर्टात उभं राहून हेच सांगायचं होतं. सत्यशीला म्हणाली, "येते."

नगरला कोर्टात ती उभी राहिली. विरुद्ध बाजूच्या वकिलानं विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं लोकांचे संसार तुम्ही अंदाजानं जुळवत होता?" लोक हसले. ती म्हणाली, "ह्या वेळी मी नको तिकडं बघत बसले, साहेब. बाई समोर बसली होती, तिच्याकडं बघायचं राहिलं." कल्याणचं नाव घेतलं, तेव्हा वकिलानं पुरावा मागितला. पुरावा म्हणजे सविताचा शब्द आणि तिचा. कल्याणला साक्षीला बोलावणं गेलं, त्यानं सगळं नाकारलं, अतिशय नम्रपणे. त्याला काहीच झळ लागली नाही. सविताला मात्र मच्छिंद्रपासून संरक्षण मिळालं, पोटगी ठरली, आणि ती भावाच्या गावी दूध संकलनावर कामाला लागली. पुढं ती सत्यशीलेशी बोलायची, कामापुरतं. पूर्वीसारखं 'तुमी म्हनता तर' हे मात्र तिच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही, आणि सत्यशीलेला ते योग्यच वाटलं.

हळूहळू बायका घरी यायला लागल्या. पाटी नाही, संस्था नाही, ओसरीवर चटई. सत्यशीलेची रीत बदलली होती. नवऱ्याला आणि बायकोला ती आता पहिल्यांदा एकत्र बसवत नाही. बाईचं एकटीचं ऐकते, मग तिच्या गावी जाते, शेजारणीकडं चहा पिते, घरातलं लेकरू बाप आल्यावर कुठं जाऊन बसतं ते बघते. "खुर्चीतला माणूस शिकून येतो," ती म्हणते. "त्याच्या गोठ्यातल्या गाईला कुणी शिकवलेलं नसतं. तो आत आला की ती बिचकते का, ते बघावं." काम पूर्वीपेक्षा सावकाश होतं, पण होतं. अंगणवाडीतल्या एक-दोघी जणींनी विचारलं, मॅडम, आम्हाला शिकवाल का? तिनं नाही म्हटलं. एवढं मात्र तिच्याकडून अजून होत नाही.

गेल्या लग्नसराईत तिसगावला सूर्यभानच्या पाहुण्यांकडं लग्न होतं. मांडवात गर्दी, अक्षता पडून गेलेल्या, पंगती बसत होत्या. आणि समोरून कल्याण आला. चार-पाच जण बरोबर, आता त्याला सगळीकडं बोलावणी असायची. त्यानं तिला बघितलं. वळून जाता आलं असतं, पण माणसं बघत होती. तो तडक पुढं आला, "ताई!" म्हणाला आणि सगळ्यांदेखत वाकून तिच्या पायांवर हात ठेवले.

आपल्याकडं कुणी पाया पडलं की हात आपोआप त्याच्या डोक्यावर जातो. विचार करावा लागत नाही. सत्यशीलेचा उजवा हात हलला नाही. तो कुशीला लागून होता तिथंच राहिला. ती काही बोलली नाही, पाय मागं घेतले नाहीत, चेहराही फिरवला नाही. कल्याण वाकलेला होता तसाच थोडा वेळ राहिला. मांडवातल्या बाकीच्यांना फक्त एक शिष्य गुरूच्या पाया पडताना दिसला. पण डोक्यावर हात आला नाही, ह्याचा अर्थ ज्याला वाचता यायचा तो एकच माणूस तिथं होता, आणि त्याला वाचायला तिनंच शिकवलं होतं.

तो उठला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच त्याला शब्द सुचेना. "येतो," एवढंच म्हणाला. आजूबाजूचे कुणीतरी "सर, इकडं" म्हणत त्याला घेऊन गेले.

सूर्यभान पंगतीत तिच्यासाठी जागा धरून बसला होता. "भेटला का?" त्यानं विचारलं.

"भेटला."

"मग? काय म्हणाला?"

"काही नाही," सत्यशीला म्हणाली, आणि वाढप्याला थोडा भात वाढायला सांगितला.